टाका, सलाइन आणि ‘लाइट ड्यूटी’: ओशाच्या नोंदवहीत काय जातं, काय जात नाही

प्रश्न थोडक्यात असा. चाकणचा प्लँट, मूळ कंपनी अमेरिकन. दर महिन्याला ‘रेकॉर्डेबल’, म्हणजे ओशाच्या (अमेरिकेच्या कामगार सुरक्षा व आरोग्य प्रशासनाच्या) नियमाप्रमाणे वहीत नोंदवायच्या अपघातांचा आकडा तिकडे पाठवावा लागतो आणि तीन केसेसवर एचआर आणि सेफ्टीचं जुळत नाही. पहिली: प्रेस शॉपमध्ये पत्र्याची धार लागून हात कापला, दोन टाके पडले, माणूस त्याच शिफ्टला परत कामावर. दुसरी: मे महिन्यात पेंट शॉपच्या ओव्हनजवळचा ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या रांगेत घेरी येऊन खाली बसला. शुद्ध गेली नव्हती. ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यात, सलाइनची एक बाटली लावली, दुसऱ्या दिवशी तो हजर. त्या दिवशी त्याला एकादशीचा उपवास होता. तिसरी: ठेकेदाराच्या लोडरच्या कमरेत शुक्रवारी उसण भरली. ओएचसीत शेक दिला, मऊ पट्टा बांधला, आणि शनिवारपासून त्याला गेटवर खुर्चीत बसवलं. रविवारची सुट्टी धरून बुधवारपर्यंत तो तिथेच होता, गुरुवारी लोडिंगला परतला. एचआरचं म्हणणं, एकाचीही रजा पडली नाही, मग नोंद कशाची?

तिन्ही नोंदवायच्या. तिसरी कोणाच्या वहीत जाईल एवढंच पाहायचं.

आधी हे स्पष्ट असू द्या की अमेरिकेचा हा नियम, म्हणजे ओशाच्या २९ सीएफआरचा (तिकडच्या केंद्रीय नियमसंग्रहाचा) भाग १९०४, चाकणला कायदा म्हणून लागू नाही. तिकडच्या आणि इकडच्या प्लँटचे आकडे एकाच मापाने मोजता यावेत म्हणून मूळ कंपनीने तो धोरण म्हणून लावलेला असतो. आपल्याकडची कायदेशीर खबर वेगळी, ती वेगळीच द्यायची. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की ‘४८ तास कामावर आला नाही तरच अपघात’ हे आपलं माप लोक ओशाच्या वहीला लावतात. एचआरची गल्लत बहुधा इथेच झाली आहे.

ओशाचा निर्णय चार प्रश्नांचा आहे आणि ते क्रमानेच विचारायचे. इजा किंवा आजार खरंच झाला आहे का? तो कामाशी संबंधित आहे का? ही नवी केस आहे की जुन्याच नोंदीचा पुढचा भाग? आणि शेवटी, नोंदीच्या निकषांपैकी एक तरी लागतो का? कुठेही ‘नाही’ आलं की तिथे थांबायचं. चूक कोणाची, हातमोजे घातले होते का, गार्ड काढला होता का, हे या चारांत कुठेच येत नाही. नोंद केली म्हणजे मालकाची किंवा कामगाराची चूक होती असं होत नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. तपासात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून केस वहीबाहेर काढणारे भेटतात. निष्काळजीपणा खरा असला तरी तो तपासाच्या अहवालात जातो, नोंदीच्या निर्णयात त्याला जागा नाही.

निकष असे: मृत्यू, कामाचे दिवस बुडणं, काम मर्यादित होणं किंवा दुसऱ्या कामावर बदली, प्रथमोपचारापलीकडचे वैद्यकीय उपचार, शुद्ध हरपणं, आणि डॉक्टरने निदान केलेली गंभीर इजा किंवा आजार. शेवटच्या गटात कर्करोग, सिलिकोसिससारखा (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा) बरा न होणारा जुनाट आजार, हाड मोडणं किंवा तडकणं आणि कानाचा पडदा फाटणं येतं. यातला एकच पुरे. पायाच्या बोटाला केसाएवढी चीर असेल, प्लास्टर घातलं नसेल, माणूस चालत कामावर आला असेल, तरी एक्स-रेत हाड तडकलेलं दिसलं की नोंद.

सगळ्यात जास्त वाद ‘प्रथमोपचारापलीकडे’ या शब्दांवर होतात. वास्तविक इथे वादाला जागा नाही, कारण प्रथमोपचार म्हणजे काय याची चौदा बाबींची बंद यादी नियमात दिली आहे. यादीत असेल तर प्रथमोपचार, नसेल तर वैद्यकीय उपचार. उपचार कोणी केला, ओएचसीच्या नर्सने की मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनने, याने फरक पडत नाही. सर्जनने बोटाला नुसती चिकटपट्टी लावली तर तो प्रथमोपचार, आणि ओएचसीत एकच टाका घातला तर तो वैद्यकीय उपचार.

यादीत काय आहे: चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं त्याच मात्रेत, धनुर्वाताचं इंजेक्शन, त्वचेवरची जखम धुणं, पट्टी, गॉज, फुलपाखरी पट्टी किंवा स्टेरी-स्ट्रिप, गरम-थंड शेक, क्रेप बँडेज किंवा मऊ कमरपट्टा, हॉस्पिटलला नेताना तात्पुरती बांधलेली फळी, नखाखालचं रक्त काढायला नखाला छिद्र पाडणं किंवा फोड फोडून पाणी काढणं, डोळ्यावरची पट्टी, डोळ्यातला कण नुसत्या पाण्याने किंवा कापसाच्या बोळ्याने काढणं, डोळा सोडून इतर जागेचं कुसळ चिमट्याने काढणं, बोटाचं टोपण, मालिश, आणि उष्म्यासाठी तोंडाने पाणी-सरबत देणं.

आता कडेच्या जागा पाहू. जखम पट्टीने मिटवली तर प्रथमोपचार. टाका, स्टेपल किंवा ग्लूने मिटवली तर नोंद. ग्लू ‘टाका नाही’ म्हणून सुटतो असं पुष्कळांना वाटतं, पण तो सुटत नाही. मऊ पट्टा चालतो, पण हालचाल थांबवायला आत कडक पट्ट्या असलेला बेल्ट, स्लॅब किंवा प्लास्टर आलं की वैद्यकीय उपचार. मालिश चालते, फिजिओथेरपी चालत नाही. डोळ्यातला लोखंडी कण पाण्याने गेला तर ठीक, सुईने किंवा बरने (फिरत्या टोकाच्या बारीक उपकरणाने) काढावा लागला तर नोंद. ग्राइंडिंग जिथे चालतं तिथे ही केस हमखास येते. धनुर्वाताचं इंजेक्शन चालतं, पण कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस किंवा हिपॅटायटिस बीची लस यादीत नाही. मजुरांची वसाहत किंवा मोकळं यार्ड असलेल्या प्लँटमध्ये हे लक्षात ठेवा.

एक्स-रे, एमआरआय, रक्ततपासणी, नुसतं देखरेखीखाली ठेवणं, समुपदेशन हे उपचार नाहीत. तपासणीसाठी डोळ्यात घातलेलं बाहुली मोठी करणारं औषध चिठ्ठीचं असलं तरी ते निदानासाठी आहे, त्याने नोंद होत नाही. एखाद्याला रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं आणि बाकी काही केलं नाही, तर उपचाराच्या निकषाने तो सुटतो. पण त्यामुळे दुसऱ्या दिवशीची पाळी चुकली तर बुडलेल्या दिवसाच्या निकषात अडकतो.

औषधांचा भाग आपल्याकडे खरा त्रासदायक आहे. ओशाचं माप ‘चिठ्ठीचं औषध’ किंवा ‘चिठ्ठीची मात्रा’ असं आहे. आयबुप्रोफेन एका वेळी ४६७ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ती चिठ्ठीची मात्रा. म्हणजे ब्रुफेन ४०० ची एक गोळी प्रथमोपचार, ६०० ची गोळी किंवा ४०० च्या दोन गोळ्या एकदम दिल्या तर वैद्यकीय उपचार. नॅप्रोक्सेन सोडियमची हद्द २२० मिलिग्रॅम, डायफेनहायड्रामिनची ५०. आपल्याकडे चौकातला डॉक्टर साध्या खरचटण्यालाही टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन), अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या गोळ्या आणि डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतो. टीटी सुटतं, पण गोळ्या आणि इंजेक्शन दोन्ही नोंदीत नेतात, जखम कितीही किरकोळ असो. अँटिबायोटिक ‘खबरदारी म्हणून’ दिलं होतं या सबबीला अर्थ नाही. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम आणि कूलंटच्या (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) खाजेवरचं बीटामेथासोन मलम अमेरिकेत चिठ्ठीवर मिळतं, इथे दुकानदार नुसतं नाव सांगितलं तरी देतो. म्हणून चिठ्ठीचं औषध कोणत्या देशाच्या वर्गवारीने ठरवायचं हे मूळ कंपनीकडून एकदा लेखी घ्या आणि ओएचसीच्या कपाटाच्या दारावर ती यादी लावा. प्रत्येक केसला नवा ईमेल पाठवत बसू नका.

कामगाराने चिठ्ठी घेतली पण औषध घेतलंच नाही, तरी सल्ला दिला गेला होता म्हणून नोंद होते. दोन डॉक्टरांची मतं वेगळी असतील तर अधिक अधिकारी मत कोणाचं हे कंपनीला ठरवता येतं. मात्र पहिल्या डॉक्टरचा उपचार होऊन गेला असेल तर दुसऱ्याचं ‘गरज नव्हती’ हे मत कामाला येत नाही.

याच ठिकाणी आकडे खाली ठेवण्यासाठी डॉक्टरवर दबाव येतो. डॉक्टरला ‘टाक्याची खरंच गरज आहे का, की पट्टीने भागेल?’ असं विचारण्यात काही गैर नाही. ‘टाका घालू नका, आमचा महिना खराब होतो’ हे सांगणं गैर आहे. फाकलेली जखम पट्टीवर चिकटवून पाठवली की आठवड्याने ती पिकून परत येते, मग अँटिबायोटिकही लागतं आणि सुट्टीही.

कामाशी संबंध ठरवताना कायद्याचा कल आधीच ठरलेला आहे: कामाच्या जागी घडलं म्हणजे कामाशी संबंधित, जोवर ठरावीक अपवाद लागत नाही. काम हे मुख्य कारण असायला हवं असंही नाही. हातभार लागला किंवा जुनं दुखणं लक्षणीय वाढलं तरी पुरे. सपाट पॅसेजमधून चालताना पाय मुरगळला, तिथे तेल नव्हतं, पायरी नव्हती, तरी तो कामाशी संबंधितच. ‘घरीही मुरगळला असता’ हा अपवाद यादीत नाही.

अपवाद मोजकेच आहेत आणि त्यांची भाषा काटेकोर आहे. लक्षण कामावर दिसलं पण कारण पूर्णपणे बाहेरचं असेल तर नोंद नाही. इथे वजन ‘पूर्णपणे’ या शब्दावर आहे. प्लँटमधल्या रक्तदान शिबिरात रक्त देऊन माणूस बेशुद्ध पडला तर तो ऐच्छिक कार्यक्रम, नोंद नाही. शिशावर काम करणाऱ्याची सक्तीची रक्ततपासणी करताना बेशुद्ध पडला तर नोंद आहे. स्वतःच्या डब्यातला घास घशात अडकला तर नोंद नाही, पण कंपनीने पुरवलेल्या कँटीनच्या जेवणाने विषबाधा झाली तर ती कामाशी संबंधित. सर्दी आणि फ्लू सुटतात, पण कामावर लागलेला क्षय सुटत नाही. घरून येताना-जाताना कंपनीच्याच पार्किंगमध्ये गाडी ठोकली गेली तर नोंद नाही, पण त्याच पार्किंगमध्ये पायी जाताना घसरून पडला तर अपवाद लागत नाही. मानसिक आजार तेव्हाच, जेव्हा कामगार स्वतःहून योग्य प्रशिक्षण असलेल्या तज्ज्ञाचं मत आणून देतो. घरून काम करताना कागदपत्रांचं खोकं पायावर पडलं तर नोंद. फोन घ्यायला धावताना घरच्या कुत्र्यात पाय अडकला तर नाही.

आता तुमच्या उपवासवाल्या ऑपरेटरकडे येऊ. फक्त उपवासामुळे घेरी आली असं ठामपणे म्हणता आलं असतं, तर केस सुटली असती. पण मे महिना, ओव्हनची धग आणि सकाळपासूनची पाळी समोर असताना उष्म्याचा हातभार नव्हता असं कोणता डॉक्टर लिहून देईल? हातभार पुरेसा आहे, मग केस कामाशी संबंधित. पुढचा प्रश्न उपचाराचा. ओआरएस किंवा लिंबूपाणी तोंडाने दिलं असतं तर तो यादीतला प्रथमोपचार होता. शिरेतून सलाइन यादीत नाही, म्हणून नोंद. ओएचसीत सलाइन सवयीने लावली जाते, रुग्णालाही ‘काहीतरी केलं’ असं वाटतं. माणूस शुद्धीवर आहे, उलट्या नाहीत, पिऊ शकतो, अशा वेळी तोंडाने देणं पुरेसं आहे का हे ओएचसीच्या डॉक्टरने आपल्या प्रोटोकॉलमध्ये ठरवून ठेवावं. हा वैद्यकीय निर्णय आहे, सेफ्टी विभागाचा नाही. घेरी येऊन क्षणभर जरी शुद्ध गेली असती, तर सलाइन असो वा नसो, नोंद झालीच असती. म्हणून साक्षीदाराला ‘हाक मारल्यावर उत्तर दिलं का?’ हे त्याच वेळी विचारून लिहून ठेवा.

बुडलेले आणि मर्यादित दिवस मोजताना अपघाताचा दिवस धरायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरचे दिवस मोजायचे, साप्ताहिक सुट्टी आणि सण धरून, जास्तीत जास्त १८०. डॉक्टरने तीन दिवस विश्रांती सांगितली आणि कामगार दुसऱ्याच दिवशी आला, तरी तीन दिवस लिहायचे. उलट डॉक्टरने ‘कामावर जा’ सांगूनही तो गावी गेला, तर ते जादा दिवस मोजायचे नाहीत.

खुर्चीत बसवण्याचा प्रकार औद्योगिक पट्ट्यात इतका मुरला आहे की लोकांना तो नियमातली पळवाट वाटतो. प्लास्टर घातलेल्या माणसाला गाडीने आणायचं, रजिस्टरवर सही घ्यायची, संध्याकाळी सोडायचं, म्हणजे दिवस बुडाला नाही. खरंय, दिवस बुडाला नाही, पण काम मर्यादित झालं आणि तोही पूर्ण निकष आहे. एखादं काम माणूस आठवड्यातून निदान एकदा करत असेल तर ते त्याचं नेहमीचं काम. दुखापतीमुळे त्यातलं एखादं जरी काम करू दिलं नाही, किंवा पूर्ण पाळी भरू दिली नाही, की मर्यादित काम. मर्यादा डॉक्टरने घातली की सुपरवायझरने, फरक नाही. मर्यादा अपघाताच्या दिवसापुरतीच असेल तर मात्र मोजायची नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मोघम ‘लाइट ड्यूटी’ असेल तर त्याला दोनच प्रश्न विचारा: हा माणूस आपली नेहमीची सगळी कामं करू शकतो का, आणि पूर्ण पाळी भरू शकतो का? दोन्हींना ‘हो’ असेल तर मर्यादा नाही. उत्तरच मिळालं नाही तर मर्यादित काम म्हणून नोंदवा.

लोडर ठेकेदाराचा असला तरी प्रश्न पगार कोण देतं हा नाही. रोज सकाळी कोणता ट्रक भरायचा, कसा भरायचा, हे कोण सांगतं? तुमचा डिस्पॅच इन्चार्ज सांगत असेल तर केस तुमच्या वहीत. ठेकेदाराचा स्वतःचा सुपरवायझर जागेवर राहून काम चालवत असेल तर ठेकेदाराच्या. एकच केस दोन्ही वह्यांत नको. ठेकेदाराचे तास हजेरीतून गाळले आणि अपघात धरले, किंवा उलट केलं, तर अपघातांचा दरच बिघडतो, कारण दर म्हणजे केसेस गुणिले २,००,००० भागिले एकूण कामाचे तास. तीन केसेस आणि ४,००,००० तास असतील तर १.५.

आजारांबद्दल थोडक्यात. सिलिकोसिससारखा आजार एकदाच नोंदवायचा, दरवर्षी नाही. कूलंटची खाज पूर्ण बरी झाली आणि पुन्हा संपर्काने उठली तर ती नवी केस. बरी न होता नुसती वाढली असेल तर जुनीच नोंद सुधारायची. श्रवणहानीत दोन अटी एकदम लागतात: मूळ तपासणीच्या तुलनेत २०००, ३०००, ४००० हर्ट्झची सरासरी त्याच कानात १० डेसिबल किंवा जास्त खालावणं, आणि त्या कानाची एकूण पातळी २५ डेसिबल किंवा वर असणं. १० वरून २२ वर गेलेला कान नोंदीत येत नाही, १५ वरून २७ वर गेलेला येतो. ३० दिवसांत फेरतपासणी करता येते. कामगार तपासणीच्या आधी शांत जागी होता का हे बघा, नाहीतर आवाजातून उठून आलेल्या माणसाचा आकडा तात्पुरता वाढलेला दिसतो.

आपल्या कायद्याचं माप दुसरं आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ मध्ये अपघातानंतर ४८ तास किंवा जास्त काळ काम करता न आल्यास खबर द्यावी लागत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही ४८ तासांचं माप तेच आहे. म्हणून टाक्यांची तुमची केस ओशाच्या वहीत जाते, पण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जात नाही. उलटही होतं: घरून कामावर येताना झालेला अपघात, वेळ-जागा-कामाचा संबंध सिद्ध झाला तर, ईएसआयच्या (राज्य कामगार विम्याच्या) दृष्टीने रोजगारातली इजा ठरतो, ओशाच्या वहीत मात्र तो नसतो. दोन रजिस्टरं जुळत नाहीत म्हणून ऑडिटर प्रश्न विचारेल. प्रत्येक केसच्या कागदावर दोन्ही निर्णय आणि त्यांचं एका ओळीचं कारण लिहिलेलं असलं की उत्तर तयार असतं.

नोंद माहिती मिळाल्यापासून सात कॅलेंडर दिवसांत करायची, आणि वर्ष संपल्यावर पाच वर्षं वही जपायची. त्या काळात केस बदलली, म्हणजे साधी वाटलेली दुखापत पुढे शस्त्रक्रियेपर्यंत गेली, तर जुन्या ओळीत दुरुस्ती करायची, नवी ओळ टाकायची नाही. एका केसला एकच, सगळ्यात गंभीर रकाना.

तुमच्या तीन ओळी फॉर्म ३०० वर, म्हणजे ओशाच्या नोंदवहीत, अशा पडतील. प्रेस शॉपचा काप ‘जे’ रकान्यात, म्हणजे इतर नोंदणीय केस, प्रकार इजा, दिवस शून्य. ओव्हनजवळचा ऑपरेटरही ‘जे’ मध्ये, पण प्रकार ‘इतर सर्व आजार’, कारण उष्म्याचा त्रास इजेत धरत नाहीत. लोडर तुमच्या वहीत येत असेल तर ‘आय’ रकान्यात, म्हणजे मर्यादित काम किंवा बदली, प्रकार इजा. खुर्चीत तो चारच पाळ्या बसला असला तरी ‘एल’ मध्ये, म्हणजे मर्यादित दिवसांच्या रकान्यात, पाच दिवस लिहा: शनिवार, मधला रविवार, सोमवार, मंगळवार आणि बुधवार.